बाससाठी पहिली रॉड: स्पिनिंग की बेटकास्टर? (उत्तर टेक्सास, काठावरून)

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. डॅलसच्या उत्तरेला राहतो. घरामागे सबडिव्हिजनचं तळं आहे, दोन-अडीच एकरांचं. कडेला लव्हाळी, मध्ये फार तर ८ फूट पाणी. शनिवार-रविवारी लेक लॅव्हन किंवा रे रॉबर्ट्स. बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) धरायचाय; बोट नाही, सगळं काठावरून. सोबत ११ वर्षांचा मुलगा.

मला गरी आणि तंगूस एवढंच कळतं. इथे दुकानात भिंतभर रॉड टांगलेल्या आणि प्रत्येकीवर वेगळे आकडे. विक्रेता म्हणतो, बास म्हणजे बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं, अंगठ्याने आवरायचं रील), बाकी सगळं पोराटोरांचं. बजेट दीडशे डॉलर, दोरा, गळ, ल्युअर (नकली आमिष) धरून. तर स्पिनिंग (रॉडखाली लटकणारं रील) की बेटकास्टर? लांबी किती? दोरा कोणता? आणि ल्युअर पाचच घ्यायची तर कोणती?

गरीबुवा
भिंतीपासून सुरुवात केलीत म्हणून गोंधळ झाला. उलटीकडून या. पाण्यात काय टाकणार आणि त्याचं वजन किती, हे आधी ठरवा. त्यावरून दोरा, मग रॉड, आणि रील सगळ्यात शेवटी. दुकानात बरोबर उलट क्रमाने विकतात, कारण रील चकचकीत असतं.

रॉडवर हँडलच्या जरा वर बारीक अक्षरांत दोन आकडे असतात: लाइन ६-१२ पौंड (दोरा किती ताण सोसतो ते), ल्युअर ३/१६-५/८ औंस, असं काहीतरी. दुसरा आकडा बघा. त्याखालचं वजन टाकलं तर रॉड वाकतच नाही. आणि वाकली नाही तर फेकणार कशी? ल्युअर वीस फुटांवर टपकन पडतं. त्यावरचं टाकलं तर टोक दमतं, आणि जोर लावलात तर मोडतंही.

पॉवर म्हणजे वाकवायला लागणारी ताकद, अ‍ॅक्शन म्हणजे रॉड कुठे वाकते ते. फास्ट रॉड वरच्या तिसऱ्या हिश्शात वाकते, मॉडरेट जवळपास अर्ध्यापर्यंत. एकच जाड गळ असलेल्या रबरी किड्याला फास्ट हवी, कारण गळ जबड्यात लगेच रुतवायचा असतो. क्रँकबेटला (डुबकी मारत पोहणारा नकली मासा) तीनकाटी ट्रेबल गळ असतात, बारीक आणि वरवर लागणारे. ताठ रॉडने हिसका दिला की मांस फाटून सुटतात, तिथे मॉडरेट बरी.

काठावरून जे टाकाल ते १/८ ते १/२ औंसात बसतं. त्याला ६ फूट १० इंच किंवा ७ फूट, मीडियम, फास्ट, स्पिनिंग. रील २५०० नंबरचं (काही कंपन्या त्यालाच २५ किंवा ३० म्हणतात). रॉड-रील मिळून ९०-१०० डॉलर, उरलेले दोरा, गळ आणि ल्युअरवर. रील ९ बेअरिंगचं की ५, यात वेळ घालवू नका. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरा ताणाने सुटू देणारा ब्रेक) सावकाश आणि न अडकता सुटतो का, तेवढं हाताने ओढून बघा.

अंगठेबहाद्दर
बुवांचं अर्धं मान्य. प्रश्नातली लव्हाळी मात्र त्यांनी वाचली नाहीत. चार पौंडांचा बास गळाला लागला की पहिलं काम करतो ते लव्हाळ्यात तोंड खुपसण्याचं. तिथून त्याला तीन सेकंदांत ओढून काढायला १५ ते २० पौंडी दोरा लागतो. तेवढा जाड फ्लुओरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा दोरा) स्पिनिंगच्या स्पूलवर (दोरा गुंडाळायच्या फिरकीवर) राहत नाही, स्प्रिंगसारखा उसळून बाहेर येतो. बेटकास्टरवर तोच निमूट बसतो. शिवाय ल्युअर हवेत असताना अंगठा टेकवून ते हव्या त्या भोकात उतरवता येतं. विक्रेता खोटं बोलला नाही, अर्धंच बोलला.

गरीबुवा
लव्हाळी वाचली. ११ वर्षांचा मुलगाही वाचला. शिवाय १/४ औंसाखालचं काही बेटकास्टरने फेकायला लागलात की पहिले दोन महिने गुंतवळ सोडवण्यात जातात. आणि दोऱ्याचं म्हणाल तर स्पिनिंगवर जाड फ्लुओरो कशाला? २० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा) भरा, तो साधारण ६ पौंडी मोनोएवढाच (साध्या नायलॉन दोऱ्याएवढाच) जाड असतो.

चिमटा
गुंतवळ! वा. आजवर मी त्याला 'सव्वाशे डॉलरचा स्वेटर' म्हणत होतो.

अंगठेबहाद्दर
गुंता का होतो ते कळलं की निम्मा टळतो. ल्युअर वाऱ्याने किंवा पाण्यावर आपटून मंदावतं, पण स्पूल त्याच वेगाने फिरत राहतो आणि जास्तीचा दोरा आतल्या आत फुगतो. म्हणून ल्युअर बदललं की दर वेळी हे करा:

रॉड साधारण दहा वाजताच्या काट्यासारखी धरा, ल्युअर टोकापासून वीतभर खाली. बटण दाबून अंगठा उचला. ल्युअर सावकाश उतरलं पाहिजे आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. धाडकन पडलं तर हँडलच्या बाजूची छोटी चकती जरा आवळा, हललंच नाही तर सैल करा. दुसऱ्या बाजूला मॅग्नेटिक ब्रेक असेल तर १० पैकी ७-८ वर ठेवून सुरुवात करा आणि सवय होईल तसा एकेक आकडा कमी करा. १/२ औंसाच्या ल्युअरवर शिका, हलक्यावर नको. वारा समोरून असेल तर त्या दिवशी हट्ट नको.

झालाच गुंता तर ओढू नका. अंगठा स्पूलवर घट्ट दाबा, हँडल दोन-तीन वळसे फिरवा, मग बटण दाबून दोरा हळूच ओढा. दहातले सात गुंते एवढ्यानेच सुटतात.

आणखी एक. स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. बेटकास्टरचं येत नाही, डावं-उजवं विकत घेतानाच ठरवावं लागतं. खोक्यावर बघून घ्या.

लव्हाळ्यातली
दोघंही रॉडवर भांडताय आणि दोऱ्याचा प्रश्न तसाच राहिलाय.

मोनो ताणला जातो, स्वस्त, गाठ सहज बसते, हळू बुडतो. पाण्यावर चालणाऱ्या ल्युअरला आणि ट्रेबलना चांगला, ताण माफ करतो. फ्लुओरो बुडतो, पाण्यात कमी दिसतो, दगडाला घासून लवकर तुटत नाही. पण पॉपरला (पाण्यावर पचपच करत चालणारं ल्युअर) बांधलात तर पॉपरचं नाक खाली ओढतो. ब्रेड अजिबात ताणत नाही, तरंगतो, मात्र स्वच्छ पाण्यात दोरखंडासारखा दिसतो.

स्पिनिंगवर माझी पसंती: १० ते १५ पौंडी ब्रेड आणि टोकाला ६-८ फूट १० पौंडी फ्लुओरोचा लीडर. दोन्हींची जोडणी डबल युनी गाठीने. ब्रेडच्या बाजूला ८ वळसे, फ्लुओरोच्या बाजूला ५. गळाला पालोमार गाठ. आवळण्याआधी थुंकी लावा, विशेषतः फ्लुओरोला. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने भाजते. बाहेरून दिसायला ठीक, आणि नेमका मोठा मासा लागल्यावर सुटते. गाठीजवळ दोरा पांढरट किंवा वळवळीत दिसला तर कापून पुन्हा बांधा.

स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून साधारण ३ मिमी खाली. जास्त भरलं तर वेटोळी सुटतात, कमी भरलं तर लांब जात नाही. आणि कास्ट (फेक) झाल्यावर बेलची तार (स्पूलवर दोरा घेणारी कमान) हाताने बंद करा, हँडल फिरवून नको. दोऱ्यात पीळ पडतो तो बराचसा तिथूनच.

चिमटा
थुंकी लावल्याशिवाय सुईत दोरा जात नाही हे आजीला फ्लुओरोच्या आधीपासून ठाऊक होतं.

सरोवरपार
मिशिगनहून. इथे स्मॉलमाउथ (बासचीच एक जात) जास्त, पाणी काचेसारखं, त्यामुळे आमच्याकडे मीडियम-लाइट आणि ८ पौंडी लीडर सर्रास. नेड रिग (गळ-आमिषाची एक मांडणी): गळाला १/१० औंसाचं मशरूमसारखं डोकं, त्यावर पावणेतीन इंचाचा रबरी तुकडा, तळाला टेकवून नुसता सोडून द्यायचा. टेक्सासच्या गढूळ पाण्यात हे किती चालेल ते तिथल्यांनी सांगावं. एक सावधगिरी: नेडसाठी झी-मॅन कंपनीचं जे ताणणारं प्लास्टिक मिळतं ते इतर रबरी किड्यांसोबत एका डब्यात ठेवू नका. दोन्ही वितळून लगदा होतो. त्याच्या मूळ पिशवीतच ठेवा.

गरीबुवा
तळ्यात चालतं, फक्त लव्हाळ्यात उघडा गळ अडकतो. तिथे टेक्सास रिग (गळाचं टोक रबरी किड्यात लपवलेलं).

पाच ल्युअर विचारली होती ना:

१. पाच इंची सेन्को किंवा तसाच रबरी दांडा, ग्रीन पम्पकिन रंगात. त्यात मीठ असल्याने नुसता दांडाच साधारण १/३ औंसाच्या वर भरतो, म्हणजे शिसं न लावता फेकला जातो आणि दोन्ही टोकं थरथरवत खाली उतरतो. मधोमध रबरी रिंग चढवून तिच्यात १/० गळ घातला की वॅकी रिग. फेका, दोरा सैल ठेवा, तळाला जाऊ द्या. चावा जवळजवळ नेहमी उतरताना येतो, हाताला कळत नाही, दोरा बाजूला सरकताना दिसतो.
२. तोच दांडा टेक्सास रिगवर: ३/० ऑफसेट गळ, ३/१६ औंसाची शिशाची गोळी.
३. ३/८ औंस स्पिनरबेट (चमकती पाती फिरवत येणारं), पांढरं-चार्ट्रूज (पोपटी-पिवळं).
४. स्क्वेअरबिल क्रँकबेट, २ ते ४ फूट खोल जाणारं.
५. पॉपर.

त्यातही पैसे कमी पडले तर पहिली दोन. उरलेली तीन नंतर आली तरी काही बिघडत नाही.

तळ्याकाठी
टेक्सास रिग लावायची कशी, नीट सांगाल? व्हिडिओत बोटंच मध्ये येतात.

लव्हाळ्यातली
आधी गोळी दोऱ्यात ओवा, निमुळतं टोक रॉडकडे. मग गळ बांधा. गळाचं टोक किड्याच्या डोक्यात सरळ पाव इंच घाला आणि बाजूने बाहेर काढा. गळ ओढत आणा, तोपर्यंत की वरचा Z आकाराचा वाक डोक्यात लपेल. मग गळ अर्धा फिरवून टोक किड्याकडे आणा. आता किडा मोकळा लोंबू द्या. गळाचा खालचा वाक किड्यावर जिथे येतो तिथे नखाने खूण करा, तिथूनच टोक आरपार काढा आणि पाठीच्या कातडीत जेमतेम टोचून लपवा.

सगळं इथे ठरतं: किडा सुईसारखा सरळ दिसला पाहिजे. मध्ये फुगवटा आला तर टोक फार पुढे किंवा मागे टोचलंय. तसा वाकडा किडा ओढताना गरगर फिरतो आणि दोऱ्याला पीळ पाडतो. काढून पुन्हा टोचा, पण त्याच भोकातून नको.

जर्सीकर
टंगस्टनची गोळी घेतली तर तेवढ्याच वजनात शिशापेक्षा लहान असते आणि तळ दगडी की चिखली ते हाताला जास्त कळतं. महाग आहे. न्यू हॅम्पशरला गोताखोर लून पक्षी शिसं गिळून मरतात म्हणून १ औंस आणि त्याखालच्या शिशाच्या गोळ्या-जिगवर बंदी आहे. ईशान्येकडे फिरायला जाल तर डबा तपासूनच न्या. आणि आमच्या न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून पकडलेला बास लगेच परत सोडावा लागतो, तो काळ अंड्यांचा.

गरीबुवा
टेक्सासचं सांगतो: १७ वर्षांखालच्यांना लायसन्स लागत नाही, तुम्हाला लागेल. मात्र स्टेट पार्कच्या हद्दीत काठावरून मासेमारी केली तर नाही. रे रॉबर्ट्सचा आइल डू ब्वा भाग त्यात येतो (पार्कची प्रवेश फी वेगळी). लार्जमाउथ बासचा (इथली मुख्य जात) सर्वसाधारण नियम १४ इंचांपासून पुढे आणि दिवसाला ५, पण तळ्यागणिक बदलतो. लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला ठेवताच येत नाही. जाण्याआधी राज्याच्या साइटवर त्या तळ्याचं पान उघडा.

खारेवारे
मालवणातून वाचतोय. बास नाही, पण बाससाठी जे पोकळ रबरी बेडूक मिळतं ते इथे मरळीला टाकतात. कमळाच्या पानांवरून सरपटवायचं, भोकाशी आलं की थांबवायचं. मरळ उसळली की लगेच ओढलं तर बेडूक तेवढं हवेतून तोंडावर येतं. दोन आकडे मोजून मग हाणायचं. बासलाही तसंच का?

अंगठेबहाद्दर
हुबेहूब तसंच. बास तोंड उघडून पाण्यासकट गिळतो, त्याला गिळायला वेळ द्यायचा. बेडकाला मीडियम-हेवी किंवा हेवी, ५० पौंडी ब्रेड, लीडर नको. आणि बेडकात पाणी शिरलं की ते बुडतं, दर दहा-बारा कास्टना पिळून काढायचं. बुवा, हे तुमच्या मीडियम स्पिनिंगने करून दाखवा.

गरीबुवा
नाही करता येणार. कबूल.

चिमटा
या धाग्यावर कुणीतरी काहीतरी कबूल केलं. स्क्रीनशॉट घेतला.

मीठमसाला
सगळं ठीक, पण लागतो कसा? कालवण होतं का?

लव्हाळ्यातली
१२-१४ इंची बास, कातडी आणि कुशीवरची काळपट पट्टी काढून टाकली तर पांढरं घट्ट मांस निघतं. हळद-मीठ-कोकम लावून रव्यात तळला तर चांगला. पापलेटची अपेक्षा ठेवू नका. मोठा मासा सोडाच, जुन्या माशात पारा साठतो आणि अंडी तोच जास्त घालतो. खायचंच असेल तर इथल्या बऱ्याच सार्वजनिक तळ्यांत उन्हाळ्यात कॅटफिश आणि हिवाळ्यात ट्राउट सोडतात, ते धरा.

सोडायचा असेल तर हात ओले करून धरा. दोन पौंडांवरचा मासा नुसत्या जबड्याला धरून आडवा करू नका, दुसरा हात पोटाखाली. लांब नाकाची पक्कड खिशात हवीच. मुलगा सोबत आहे म्हणून ट्रेबलच्या उलट्या काट्या त्याच पकडीने दाबून सपाट करा. कपड्यात किंवा बोटात रुतला तर सरळ बाहेर येतो.

सरोवरपार
ऋतूचं कुणी बोललं नाही. पाण्याचं तापमान ५० फॅरनहाइटच्या आसपास असेल तर जर्कबेट (लांबट नकली मासा): दोन झटके, मग ५ ते १० सेकंद स्तब्ध. ५५ च्या पुढे १/२ औंसाचं लिपलेस क्रँकबेट, गवताच्या शेंड्यांना घासत. गवतात अडकलं की झटकून सोडवायचं, चावा त्याच क्षणी येतो. ६० ते ७० ला घरटी उथळ पाण्यात, नर राखण करतो.

गरीबुवा
आमच्याकडे ते मार्च-एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी ८५ च्या वर जातं, तेव्हा उजाडताना पॉपर, आणि ऊन चढलं की सावलीत किड्याशिवाय काही नको. रंगाचं थोडक्यात: स्वच्छ पाण्यात ग्रीन पम्पकिन, गढुळात काळा-निळा. बाकी सत्तर रंग माशांसाठी नाहीत, आपल्यासाठी आहेत.

तळ्याकाठी
मंडळी, घेतलं. ७ फुटी मीडियम फास्ट स्पिनिंग, दोन तुकड्यांची (सेदानमध्ये एकसंध मावत नाही), २५०० रील, १५ पौंडी ब्रेड, सेन्को, गळ, गोळ्या, एक स्पिनरबेट. एकूण १३८. पण एक गडबड. ड्रॅग पूर्ण आवळला तरी दोरा ओढला की सुटतो. हँडल फिरवलं तर फिरतं, पण दोरा आत येत नाही. ड्रॅग खराब आला का? बदलून आणू?

लव्हाळ्यातली
ब्रेड थेट रिकाम्या स्पूलवर बांधलात का?

तळ्याकाठी
हो.

लव्हाळ्यातली
मग रील चांगलं आहे. ब्रेड गुळगुळीत, धातूला धरत नाही, सगळी गुंडाळी एकसंध कड्यासारखी स्पूलभोवती फिरतेय. खात्री करायची तर ड्रॅग आवळून दोरा ओढा आणि स्पूलच्या कडेकडे बघा: कड स्थिर आणि दोऱ्याचा गठ्ठा फिरतोय, तर हेच. सगळा दोरा दुसऱ्या रिकाम्या रिळावर काढून घ्या. स्पूलवर इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या, किंवा आधी मोनोचे १०-१५ वळसे भरून त्याला ब्रेड जोडा. मग ओल्या फडक्यातून ताण देत भरा. सैल भरलेला ब्रेड स्वतःच्याच थरात रुततो.

दोन तुकड्यांची रॉड चालते. जोडावर मेणबत्ती हलकी घासा, आणि जोडताना गाइड (दोरा ओवायच्या कड्या) थोडे तिरके ठेवून पिळत सरळ रेषेत आणा. नाहीतर दहाव्या कास्टला वरचा तुकडा ल्युअरसोबत जातो.

अंगठेबहाद्दर
आणि ड्रॅग पूर्ण आवळून ठेवायचा नसतोच. दोरा जेवढ्याला तुटतो त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर तो सुटला पाहिजे, आणि इथे हिशोब लीडरचा, ब्रेडचा नव्हे. १० पौंडी लीडर म्हणजे अडीच-तीन पौंड. मोजायला वेगळं काही घेऊ नका. इंडिया ट्रिपच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घरात असेलच. दोरा सगळ्या गाइडमधून ओवून काट्याला बांधा, रॉड वाकवून ओढा, आकडा बघत ड्रॅगची चकती फिरवा.

चिमटा
२३ किलोच्या बॅगेचा काटा अखेर अडीच पौंडांवर आला. त्यालाही बरं वाटलं असेल.

तळ्याकाठी
टेप लावली, पुन्हा भरलं. आता सरकत नाही. काट्यावर २.८ आलं, तिथेच ठेवलंय. पण मुलासाठी घेतलेलं बटणवालं रील त्याला नकोय. माझीच रॉड धरून बसलाय, अंगणात गळ काढून नुसती गोळी फेकतोय, बादलीत पाडतोय.

गरीबुवा
मग ती रॉड त्याची झाली.

अंगठेबहाद्दर
आणि तुम्हाला लव्हाळ्यासाठी दुसरी लागणार. ७ फूट मीडियम-हेवी फास्ट, कास्टिंग. रील ७.१:१ (हँडलच्या एका फेरीत स्पूल ७.१ वेळा फिरतो). उजव्या हाताने फेकत असाल तर हँडल डाव्या बाजूचं घ्या, म्हणजे रॉड हात बदलत फिरणार नाही. १७ पौंडी फ्लुओरो. ब्रेक ८ वर.

तळ्याकाठी
पुढच्या पगाराला. विक्रेत्याला कळवू नका.